आंधळ्या पेटीवाल्याचे दात

मी लोकांच्या कवळ्या बनवते असं सांगितलं, की मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बायका आधी हसायच्या आणि मग पटकन तोंडावर हात धरायच्या. मला ते मुळीच आवडायचं नाही. मुंबईत मी रीतसर शिकलेली दंतवैद्य होते, दवाखान्यात माझी स्वतःची खुर्ची होती. शिकागोला आल्यावर कळलं, की इथे पेशंटच्या तोंडात हात घालायचा तर पुन्हा कॉलेजात जावं लागेल, आणि घरात तान्ही मुलगी असताना ते जमण्यासारखं नव्हतं. मग मी एका डेंटल लॅबमध्ये नोकरी धरली. आमच्या घराजवळ डेव्हन रस्त्याच्या कोपऱ्यावर बस घ्यायची, लिंकन ॲव्हेन्यूवर जर्मन बेकरीपाशी उतरायचं आणि शेजारच्या तळघरात दिवसभर प्लास्टर, मेण आणि ॲक्रिलिक यांच्याशी झटापट करायची. ऐंशीच्या दशकाची पहिली काही वर्षं माझी अशी गेली.

लॅबमधल्या कामाला नाव नसतं. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतो, आपण कवळी घडवतो, आणि पेशंट आरशात बघून डॉक्टरचे आभार मानतो. टोचली तर मात्र डॉक्टर फोन करून आपल्याला झापतो. माझा स्वभाव तापट, त्यामुळे पहिल्या वर्षातच मी दोन डॉक्टरांशी फोनवर कडाकडा भांडले होते. तरी मालकाने मला काढलं नाही, कारण माझ्या हातची कवळी परत येत नसे. हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाहीये. मला त्याचा अभिमान होता आणि आजही आहे.

म्हणून एक कवळी दुसऱ्यांदा परत आली तेव्हा माझं डोकंच फिरलं. सोबत डॉक्टरची चिठ्ठी होती. पेशंट नव्वदीला टेकलेला आहे, अतिशय हट्टी आहे, त्याला तुमच्याकडेच पाठवतो, तुमचं तुम्ही बघा.

पेशंट बुधवारी सकाळी आला. उंच, थोडे वाकलेले, कडक इस्त्रीचा कोट, हातात हॅट आणि काखेत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. इंग्रजी जर्मन वळणाचं, प्रत्येक शब्द सुटा सुटा. मी त्यांना खुर्ची दिली आणि कवळी पुढे केली. एका ओळीतले, एकसारखे, शुभ्र दात. माझं मलाच कौतुक वाटत होतं. त्यांनी ती बसवली, आरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि विचारलं, "फार सुंदर. पण हे गृहस्थ कोण?"

"कोण म्हणजे? तुम्हीच."

"छे. हे कुठल्यातरी बँकेचे मॅनेजर आहेत. ह्यांनी जन्मात सफरचंद चावून खाल्लेलं नाही. बायको फोडी करून देते, हे काट्याने खातात."

मला राग आला आणि हसूही आलं. मी म्हटलं, "मग तुम्ही सफरचंद कसं खाता?"

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. म्हणाले, "डाव्या बाजूने. गेली साठ वर्षं. हा प्रश्न मला तुमच्या डॉक्टरने विचारला नाही." मग त्यांनी तो डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि उघडला.

आत कापसावर सात कवळ्या होत्या, सगळ्या वरच्या जबड्याच्या. लालसर तपकिरी कडक रबराच्या. हा प्रकार मी फक्त कॉलेजच्या पुस्तकात पाहिला होता. पण असले दात कुठल्याच पुस्तकात नव्हते. एकीत पुढचे दोन दात सशासारखे बाहेर, एकीत सगळे झिजून खुंट झालेले, एकीत तंबाखूचे डाग अगदी दातांच्या फटीपर्यंत रंगवलेले. मी एक एक उचलून दिव्याखाली धरली. हिरडीवरच्या बारीक ठिपक्यांसकट सगळं हाताने कोरलेलं. असं काम मला जमलं असतं का, हे मी स्वतःला विचारलं.

"हे कोणाचं काम?"

"माझ्या बायकोचं," ते म्हणाले. "ती तुमच्यासारखीच तळघरात बसायची."

त्यानंतर ते दर बुधवारी यायला लागले. खरं तर तीन वेळा पुरलं असतं. मालक काही बोलला नाही, कारण हा माणूस बोलू लागला की तोसुद्धा हातातलं काम ठेवून ऐकायचा. मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणू लागले होते. तोंडावर म्हणाले असते तर त्यांना आवडलं असतं की नाही, कोण जाणे.

तरुणपणी त्यांना नाटकातला नायक व्हायचं होतं. पहिलं महायुद्ध सुरू झालं, खंदकात स्फोट झाला आणि बाविसाव्या वर्षी वरचे सगळे दात गेले. बर्लिनच्या इस्पितळात पडून असताना तिथल्या दातांच्या कारखान्यात काम करणारी एक मुलगी माप घ्यायला आली. हे रडत होते. ती म्हणाली, "रडू नकोस, तोंड हलतंय. आता तुला हव्या त्या माणसाचे दात मिळतील. बाकीच्या नटांना एकच संच मिळतो." तिच्याशीच त्यांनी लग्न केलं.

तेव्हा सिनेमा मुका होता. आवाज बदलून माणूस वेगळा दाखवायची सोय नाही, जे काही सांगायचं ते चेहऱ्याने. दुसरे नट रंग फासायचे, दाढ्या चिकटवायचे. हे नवे दात घालून यायचे. भूमिका मिळाली, की नवरा-बायको जेवणाच्या टेबलावर बसून तीन प्रश्न विचारायचे. हा माणूस काय खातो? कुठल्या बाजूने चावतो? आणि जेवताना ह्याच्या शेजारी कोण बसतं? उत्तरं मिळाली की ती मेण घ्यायची. दात बसले की ओठ आपोआप वळायचे, ओठांमागून हनुवटी, मान, खांदे आणि शेवटी चाल. ते मला करूनही दाखवत. साठ वर्षांत जबड्याचं हाड झिजल्यामुळे जुन्या कवळ्या तोंडात खुळखुळायच्या, तरी ते जिभेने दाबून धरत, आणि माझ्यासमोर एक न्यायाधीश बसलेला असे, नाहीतर घोडागाडीवाला, नाहीतर एक खाष्ट विधवा सासू. सासू तर अशी हुबेहूब, की मी पदर सारखा करण्यासाठी हात वर नेला. मी पँट घातली होती.

ह्या सगळ्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो ते लपवत नसत. ट्राममध्ये शेजारच्या बाकावर बसलेल्या बायका आदल्या रात्री सिनेमातल्या ज्या दुष्टाला शिव्या देऊन आल्या त्याच्याविषयी बोलत, आणि हे त्यांच्या शेजारी वर्तमानपत्र वाचत बसलेले. "कोणी ओळखलं असतं तर मी घरी जाऊन बायकोची माफी मागितली असती," ते म्हणाले. पुढे सिनेमा बोलायला लागला आणि बायको ज्यू म्हणून देशही सोडावा लागला. कॅलिफोर्नियात त्यांना काही चित्रपटांत वेटरची कामं मिळाली, ताट ठेवून निघून जायचं. मग दोघं शिकागोला आले. ह्यांनी दुकानात टोप्या विकल्या, तिने डेंटल लॅबमध्ये काम केलं, शेवटपर्यंत. ती जाऊन चार वर्षं झाली होती.

मीही त्यांना काही दात दिले. कॉलेजात असताना आम्ही खेड्यात शिबिरं घ्यायचो, तिथल्या मिश्री लावणाऱ्या बायकांचे काळे, चकाकणारे दात मी त्यांना कागदावर काढून दाखवले. भाजलेली तंबाखू बोटाने दातांवर घासायची, भाकरी करताकरता, बोलताबोलता. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. "ही बाई हसते तेव्हा ओठ मिटते का?" मी म्हटलं, "मुळीच नाही. खदखदा हसते." ते खूष झाले. म्हणाले, "डॉक्टर, हिची भूमिका मी वाजवून केली असती." अमेरिकेत मला डॉक्टर म्हणणारा तो पहिला माणूस. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मला बसायला जागा नव्हती हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही.

त्यांची नवी कवळी मी पुन्हा केली. डावीकडचे दात झिजवले, एक पुढचा किंचित फिरवला, कॉफीचा रंग दिला. आरशात पाहून ते म्हणाले, "हं. हा आपल्यातला आहे." ती कवळी परत आली नाही.

आणि मग ते मूळ गोष्टीवर आले. शहरातल्या एका कॉलेजच्या फिल्म क्लबला त्यांच्या एका मूकपटाची प्रत मिळाली होती आणि येत्या रविवारी दुपारी ती दाखवणार होते. त्या चित्रपटात ह्यांनी दोन कामं केली होती. एक न्यायाधीशाचं, आणि दुसरं रस्त्यावर हँडल फिरवून पेटी वाजवणाऱ्या आंधळ्याचं. तो आंधळा फक्त तीन प्रसंगांत येतो, पण चित्रपट पाहिलेला माणूस त्यालाच विसरत नाही, असं सिनेमावरच्या सगळ्या जाड पुस्तकांत लिहिलेलं. फक्त त्या पुस्तकांत त्याच्यापुढे नाव होतं दुसऱ्याचं, एका फार मोठ्या, केव्हाच वारलेल्या नटाचं. चित्रपटाची मूळ नामावली हरवली होती, आणि कोणीतरी फोटोवरून अंदाज बांधला होता. क्लबचे प्रोफेसर कार्यक्रमासाठी छापील पत्रक काढणार होते. त्यात तरी खरं नाव यावं, एवढंच ह्यांना हवं होतं.

"हे तिचं सर्वात चांगलं काम," डब्यातली शेवटची कवळी माझ्या हातात देत ते म्हणाले. उजवा सुळा नाही, डावीकडचा पुढचा दात तिरका तुटलेला, कडा कुजलेल्या. "रविवारी मला ही घालून जायचंय. दोन्ही माणसं मीच, हे लोकांना दाखवायचंय. दोन कवळ्या बसतील अशा करून द्याल? न्यायाधीश आणि हा."

आता इथे मी काय केलं ते सांगते, कारण असला मूर्खपणा फक्त आमच्याच धंद्यातली हुशार माणसं करू शकतात. जुनी कवळी सैल झाली की आतून अस्तर घालतात. त्याआधी आतली बाजू यंत्राने घासून खरबरीत करतात, म्हणजे अस्तर धरतं. न्यायाधीशाची कवळी मी घेतली, आतून स्वच्छ घासली आणि झकास अस्तर घातलं. पेटीवाल्याची घेतली, यंत्र सुरू केलं, आणि माझा हात थांबला. त्या बाईचं सर्वात चांगलं काम, आणि त्यावर मी घासणी चालवायची? मला ते पटेना. मी न घासताच आत मऊ, तात्पुरतं अस्तर बसवलं. रविवारपुरतं पुष्कळ झालं.

गुरुवारी मी अर्धा दिवस सुट्टी टाकली आणि पत्रक छापायच्या आत प्रोफेसरांना पटवायला आजोबांबरोबर कॉलेजात गेले. प्रोफेसर तरुण होते, सभ्य होते. त्यांनी टेबलावरच्या यंत्रात फिल्म लावली आणि आंधळ्याच्या हसण्यावर चित्र थांबवलं. मी कवळी पडद्याशेजारी धरली. सुळा नाही, तिरका दात, कुजलेली कड, सगळं जसंच्या तसं. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस काय बोलणार?

प्रोफेसर म्हणाले, "कवळी तीच आहे, मान्य. पण ती तुम्ही घातली होती, हे कशावरून? तुम्ही आणि ते मोठे नट, दोघं एकाच चित्रपटात होता. आठवण म्हणून त्यांची कवळी तुम्ही ठेवून घेतली असेल. सर, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण मला आठवण नको, पुरावा हवा. म्हाताऱ्या नटांना सगळ्याच भूमिका आपल्या वाटतात."

आजोबांनी हॅट घातली. बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. मी दात-ओठ खात बसले होते. उतरताना एवढंच म्हणाले, "तिला बरं झालं, हे ऐकावं लागलं नाही."

घरी आल्यावर मी नवऱ्यासमोर सगळं ओकले. तो म्हणाला, "अगं, पण त्या प्रोफेसरचा पॉइंट करेक्ट आहे ना? कवळीवर काय त्यांचं नाव लिहिलंय?"

"नाव कशाला लिहायला हवं? कवळी आतून त्यांच्याच तोंडाची..." मी म्हटलं, आणि माझी जीभ आपोआप टाळूवर फिरली.

आपल्या टाळूवर, पुढच्या दातांच्या मागे, वळ्या असतात. जीभ फिरवली की लागतात. दात जातात, हाड झिजतं, पण त्या वळ्यांची नक्षी जन्मभर तीच राहते आणि दोन माणसांची कधी सारखी नसते. कवळीच्या आतल्या बाजूला ती नक्षी उमटलेली असते. बाहेरून ती कवळी आंधळ्या पेटीवाल्याची होती. आतून ती ज्याच्या तोंडासाठी केली त्याचीच असणार होती. आणि त्या आतल्या बाजूवर मी शहाणीने अस्तर लिंपून ठेवलं होतं.

"संडेचा पॉटलक कॅन्सल कर," मी नवऱ्याला म्हटलं. मंडळातल्या काकूंकडे सगळ्यांनी एकेक पदार्थ नेऊन जेवायचं ठरलं होतं.

"यार, काकूंना मी काय सांगू?"

"सांग, बायको पेटीवाल्याचे दात काढतेय."

शुक्रवारी सकाळी मी सगळ्यात आधी लॅबमध्ये पोचले. आधी न्यायाधीशाची कवळी पाहिली. तिच्यातल्या वळ्या गेल्या होत्या, आतलं सगळं मीच घासून टाकलं होतं. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मग पेटीवाल्याची कोमट पाण्यात ठेवली आणि अस्तराच्या कडेखाली नख घातलं. ते मऊ होतं, आणि खाली घासलेलं नव्हतं. एका बाजूने सुटत सुटत अख्खं निघून आलं. खाली तपकिरी रबरावर वळ्या होत्या, साठ वर्षांपूर्वीच्या, एकूण एक. मी मोठ्याने ओरडले. मालक धावत आला, त्याला वाटलं मी हात कापून घेतला.

त्या कवळीत मी प्लास्टर ओतलं. आजोबांच्या नव्या कवळीसाठी घेतलेल्या मापाचा साचा फळीवर होताच. दोन्ही शेजारी ठेवले आणि वळ्यांवर पेन्सिल फिरवली. डावीकडे तीन, त्यातली मधली दुभंगलेली. उजवीकडे चार, शेवटची अर्धवट. दोन्हींवर तेच. मी आजोबांना फोन केला आणि सांगितलं की रविवारी आंधळ्याचे दात घालता येणार नाहीत, ते माझ्याकडे राहतील. का, ते त्यांनी विचारलं नाही.

रविवारी दुपारी कॉलेजच्या त्या खोलीत पन्नासेक माणसं असतील. पत्रक दारातच वाटत होते. पेटीवाल्यापुढे त्या मोठ्या नटाचं नाव छापलेलं. एक मुलगी पियानो वाजवत होती आणि पडद्यावर न्यायाधीश आला, गेला, आणि मग तो आंधळा. तो हँडल फिरवतो, समोरून जाणारी बाई त्याच्या टोपीत पाव टाकते, आणि तो पाव चाचपडून हसतो. डाव्या बाजूने चावतो. माझ्या शेजारी आजोबा बसले होते, मी केलेली कवळी घालून. खोलीतल्या एकाही माणसाला तो आणि हे एकच आहेत असं वाटलं नसतं. मलाही वाटलं नसतं. साठ वर्षांनीसुद्धा काम चोख होतं.

दिवे लागल्यावर प्रोफेसरांनी कोणाला काही विचारायचं आहे का म्हटलं. मी उभी राहिले. साडी नेसून गेले होते, कुंकू लावलं होतं, आणि माझ्या इंग्रजीला मुंबईचा वास होता. पण हे माझं क्षेत्र होतं. दोन साचे घेऊन मी पुढे गेले, कवळी मधे ठेवली, आणि टाळूच्या वळ्यांवर दहा मिनिटं बोलले. लोकांना म्हटलं, जीभ टाळूला लावून बघा. पन्नास माणसांनी लावली. प्रोफेसर पुढे वाकून वळ्या मोजत होते. डावीकडच्या मोजल्या, उजवीकडच्या मोजल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. मग सरळ उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, माझी चूक झाली. पुस्तकांचीही झाली. मी हे छापून आणीन." हा माणूस मला त्या क्षणी आवडला.

लोक टाळ्या वाजवायला लागले. आजोबा उठले, सावकाश पुढे आले. प्रोफेसरांनी एक पत्रक टेबलावर ठेवलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं. "तुमच्या हाताने दुरुस्त करा, आम्ही जपून ठेवू."

आजोबांनी त्या मोठ्या नटाचं नाव खोडलं. मग फार वेळ घेऊन, एक एक अक्षर लावून त्यांनी एक नाव लिहिलं. ते नाव बाईचं होतं.

प्रोफेसर गोंधळले. म्हणाले, "सर, पण इथे तुमचं नाव..."

"माझं तुम्ही लिहा," आजोबा म्हणाले. "आता तुमची खात्री पटलीय. हिचं लिहायला माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही."